रोजचा हयातीचा दाखला

पेन्शन देणारे माणसाला वर्षातून एकदाच विचारतात, ‘आहात ना?’ आपण ‘आहे’ म्हणून कळवलं की पुढचं वर्षभर बिनघोर जगायला मोकळे. आमच्या पोराला एवढ्यानं भागत नाही. तो राहतो टोरोंटोजवळ, आणि आम्ही तिघं इथं माहुलगावात: मी, आमची ही आणि माझी आय. सकाळी आठपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात कोणी हललं नाही, की तिकडे त्याच्या फोनवर लाल ठिपका येतो आणि इकडे आमच्या फोनवर तो येतो.

“बाबा, काय झालं?”

“कुठं काय?”

“किचनमध्ये हालचाल नाही.”

“आम्ही पडवीत बसलोय.”

“तिघंही?”

“जवळा निवडतोय.”

“व्हिडिओ लावा बरं.”

मग मी फोन फिरवून जवळा दाखवतो, जवळ्यात बोटं घातलेली आय दाखवतो, आय फोनकडे न बघता “मी हाय” म्हणते, आणि त्या दिवसापुरता आमचा दाखला मंजूर होतो.

तसं ‘मी हाय’ हे सिद्ध करणं आयला नवीन नाही. वडिलांच्या माघारी तिला थोडंसं पेन्शन येतं. पूर्वी बँकेत साहेबासमोर उभं राहिलं, साहेबानं चष्म्यावरून एकदा पाहिलं, की काम व्हायचं. २०१४च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि साहेबाच्या जागी अंगठ्याचं यंत्र आलं. आता आयनं उभं आयुष्य कोळंबी सोलण्यात आणि बोंबील चिरण्यात घालवलेलं. तिच्या बोटांवर रेषा म्हणून काही उरलेलीच नाही. यंत्र दर वेळी नकार द्यायचं. समोर बसून ती यंत्रवाल्या पोराला “जेवलास काय रं” विचारत होती, आणि यंत्राच्या मते ती नव्हतीच. २०२१मध्ये चेहरा दाखवून दाखला मिळवायची सोय झाली. मी मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर सूचना आली: डोळे मिचकवा.

“या वयान डोला मारू काय मी?” आय म्हणाली. “आनि कोनाला, तो सांग आदी!”

नशिबानं त्याच वेळी तिच्या नाकावर माशी बसली. डोळे मिचकले आणि आय वर्षभरासाठी पास झाली. घरात मासळी असण्याचे असेही फायदे असतात.

पोराची काळजी वाढली ती ही न्हाणीघरात घसरली तेव्हापासून. हिला काही लागलं नाही. स्टीलच्या बादलीला पोचा आला, एवढंच. पण बातमी माहुलातून निघून, ऐरोलीच्या मावशीमार्गे टोरोंटोला पोचली तेव्हा खुबा मोडलेला होता. पोरगा म्हणाला, सगळे इकडेच या. आय म्हणाली, तिथं ताजे बोंबील मिलतान काय? पोरगा म्हणाला, मग घाटकोपरला लिफ्टवाला फ्लॅट घेऊ, खाली वॉचमन, वर गार्डन. आय म्हणाली, गार्डनीत काय सुकवू? शेवटी पोरगा म्हणाला, ठीक आहे, घर सोडायचं नसेल, तर आपण घरालाच हुशार करू.

घर हुशार करायचं म्हणजे काय, हे मला शिकवायची गरज नव्हती. मी उभी नोकरी कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला काढली आहे. टाकीची पातळी, पाइपातला दाब, भट्टीचं तापमान हे सगळं तारेवरून कंट्रोल रूममध्ये येणार, आणि मी लॉगबुकात उतरवून घेणार. आता निवृत्त झाल्यावर मीच टाकी झालो. माझा दाब, माझी साखर, माझी पावलं आणि माझी झोप टोरोंटोच्या कंट्रोल रूममध्ये जाते. फरक इतकाच की टाकीला “बाबा, काल गुलाबजाम खाल्लेत का?” असं कोणी विचारत नसे.

खोकं आलं, त्यात निरनिराळे सेन्सर, दिवे, कॅमेरा, घड्याळ, बोलकं यंत्र आणि आपोआप केर काढणारी एक तबकडी. पोरगा म्हणाला, तिथल्या माणसाला बोलवा, तो लावून देईल. मी म्हटलं, ज्यानं रिफायनरी सांभाळली त्यानं दोन खोल्या आणि पडवीसाठी माणूस बोलवायचा? ड्रिल काढलं. पहिलं भोक पाण्याच्या पाइपात गेलं. दुसरं भिंतीतून आरपार शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यात निघालं. गावठाणात भिंत दोन घरांत एकच असते, हे मी जन्मापासून जाणतो. पण तंत्रज्ञानाचा आवेश वेगळा असतो. शेजारच्या काकी भोकातूनच म्हणाल्या, “भाऊ, खंडोबाला काय सांगायचा हाय काय?”

पहिला मान गॅसच्या डिटेक्टरचा. तो स्वयंपाकघरात लावला, चालू केला, आणि मिनिटभरात तो बोंबलायला लागला. शेगडी बंद. सिलिंडर बंद. मी खिडकी लावली, तो गप्प झाला. खिडकी उघडली, पुन्हा सुरू. म्हणजे गॅस घरात नव्हताच, गावात होता. रिफायनऱ्या आमच्या शेजाराला १९५०च्या दशकात आल्या. त्यानंतर टाक्या आल्या, टँकर आले, आणि आमची नाकं हळूहळू सेवानिवृत्त झाली. यंत्राचं नाक मात्र नवं होतं. गावातल्या लोकांना हीच गोष्ट पटवून देण्यासाठी २०१४ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं होतं. २०१५च्या डिसेंबरात लवादानं म्हटलं, की इथल्या हवेनं लोकांच्या आरोग्याला धोका आहे. २०२०मध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई भरायला सांगितली. सहा वर्षांचं काम आमच्या भिंतीवरल्या या डबीनं एका मिनिटात केलं, तेही वकील न लावता.

लगेच फोन वाजला.

“बाबा, गॅस लीक! बाहेर पडा!”

“बाहेर जास्त आहे.”

“मग खिडकी बंद ठेवा.”

“मग सुकट भाजल्याचा धूर कुठून जाणार?”

“सुकट भाजू नका.”

इथं आयनं माझ्या हातातून फोन घेतला, कट केला आणि सुकट भाजायला घेतली. धुराचा डिटेक्टर त्या दिवशी पहिल्यांदा वाजला, आणि दोन्ही यंत्रांची जुगलबंदी शेजारच्या खंडोबापर्यंत पोचली. पुढे कळलं की गॅसच्या यंत्राला दारूच्या वाफाही ओळखता येतात. भाच्याच्या हळदीच्या रात्री आमचे मेहुणे आयच्या पाया पडायला आत आले आणि यंत्रानं ठणाणा केला. मेहुणे तेव्हापासून आमच्याकडे सकाळीच येतात.

आता त्या बोलक्या बाईविषयी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, उगाच तुमच्या घरातली जागी व्हायची. एवढंच सांगतो, की ‘आलास का?’ हे घाईघाईनं म्हणून पाहा. आमच्या घरात दिवसाकाठी सर्वांत जास्त उच्चारलं जाणारं वाक्य तेच. मी दारात पाऊल टाकलं की आय आतून विचारणार “आलास का?” आणि कपाटावरून ती निळी होऊन म्हणणार, “जी, बताइए.” पहिले काही दिवस आयला वाटलं, मी कोणाला तरी घेऊन येतो. हिलाही तसं वाटावं अशी माझी छुपी इच्छा होती. पण हिचा माझ्या कुवतीवर पूर्ण विश्वास आहे. पोरानं तिकडून बाईचं नाव बदललं. दुसरं नाव निघालं आयच्या “ऐक गो!”च्या जवळचं. सासू सुनेला हाक मारायची आणि दोघी ओ द्यायच्या. मला वाटतं, त्यांतली यंत्रवाली जास्त तत्पर होती, आणि तेच हिला खटकलं. शेवटी तिला नुसतं ‘कम्प्युटर’ म्हणायचं ठरलं.

मग भाषेचा प्रश्न आला. बाई हिंदी आणि इंग्रजीच्या पलीकडे जायला तयार नव्हती. नातेवाइकांतला एक पोरगा म्हणाला, गुगलच्या फोनवाल्या सहायकाला २०१८पासून मराठी येतं. येत असेल, पण आयचं मराठी माहुलचं. तिनं एकदा कपाटाकडे तोंड करून विचारलं, “कम्पुटर, भरती कवा हाय?”

भरती-ओहोटी हे आमच्याकडचं खरं घड्याळ. बाईनं एक क्षण विचार केला आणि खणखणीत हिंदीत एका नोकरभरतीची माहिती वाचायला घेतली: इतक्या जागा, इतकं वय, शिक्षण बारहवीं पास.

आय थक्क होऊन माझ्याकडे वळली. “दर्याला पन बारावी लागते आता?”

दाराचा सेन्सर लावला तेव्हा पोराच्या मनात फ्लॅट होता. फ्लॅटचं दार बंद असतं आणि कधीतरी उघडतं. आमचं दार सकाळी उघडतं ते रात्री निजायच्या वेळीच लागतं. मधल्या वेळात त्यातून माणसं, मांजरं, पाट्या, पत्रिका आणि बातम्या ये-जा करतात. टोरोंटोला दर पाच मिनिटांनी कळायचं की दार उघडं आहे. कॅमेरा दारावर होता, तो उघड्या दारामुळे भिंतीकडे तोंड करून असायचा. त्यानं आमच्या पोपडे आलेल्या भिंतीवर अहोरात्र पहारा ठेवला. कोणी चोरली नाही ती.

रात्रीच्या आपोआप लागणाऱ्या दिव्याची वेगळीच तऱ्हा. अंधार पडला की तो लागायचा होता. पण कंपनीची चिमणी पेटती असली की आमच्या मागच्या खिडकीतून असा तांबडा उजेड येतो, की दिव्याला रात्र झाली हेच पटत नाही. उलट वीज जाऊन पहाटे परत आली की त्याला अचानक कर्तव्य आठवतं आणि तो डोळे दिपतील असा पेटतो. आय उठून अंघोळीला जाते. तीन वाजलेले असतात.

केर काढणारी तबकडी फार टिकली नाही. पडवीत पुतण्यानं जाळं विणायला पसरलं होतं, त्यात ती आपणहून शिरली, जितकी सुटायला बघे तितकी गुरफटे. आय बघत बसली होती. “बरा गावला,” एवढंच म्हणाली.

मला खरं छळलं ते न्हाणीघराच्या बोळातल्या सेन्सरनं. तो रात्रीची ये-जा मोजतो. माझ्या वयाच्या पुरुषाची रात्रीची ये-जा हा त्याचा आणि त्याच्या प्रोस्टेटचा आपसांतला मामला असतो. पण एकदा पोरगा फोनवर सहज म्हणाला, “बाबा, काल रात्री चार वेळा?” फोन स्पीकरवर होता. पडवीत जाळं विणणारे चौघं, त्यांच्यासाठी चहा घेऊन आलेली ही, भोकापलीकडच्या काकी आणि खंडोबा, सगळ्यांनी ऐकलं. काकींनी लगेच पुनर्नव्याचा काढा सुचवला.

त्या रात्री मी आतल्या इन्स्ट्रुमेंटवाल्याला जागं केलं. हा सेन्सर अंगाची ऊब हलताना पाहतो, आणि मी तो कमरेच्या उंचीला, तोंड थोडं वर करून लावला होता. म्हणजे त्याच्या नजरेखालून जायला वाव होता. मी मध्यरात्री गुडघ्यांवर आलो आणि भिंतीकडेनं रांगत निघालो. जाणं निर्विघ्न झालं. परत येताना ही पाणी प्यायला उठली होती. अंधारात, तांबड्या उजेडात, चार पायांवर येणारं काहीतरी तिनं पाहिलं आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून बोलकी बाई म्हणाली, “माफ कीजिए, मैं समझी नहीं.” टोरोंटोला त्या रात्रीचा आकडा ‘एक’ गेला, तो हिचा. पोरानं सकाळी अभिनंदन केलं, “बाबा, काढा लागू पडतोय.”

घड्याळाबद्दल मात्र माझा अपेक्षाभंग झाला. माणूस पडला हे ओळखणारी घड्याळं २०१८पासून बाजारात आहेत. जोराचा दणका बसला आणि त्यानंतर माणूस हलला नाही, की घड्याळ समजतं हा गेला, आणि नातलगांना कळवतं. हिशोब बरोबर आहे. फक्त त्यात नारळी पौर्णिमा धरलेली नाही. आमच्याकडे त्या दिवशी नारळ लढवतात: एकानं हातात धरायचा, दुसऱ्यानं आपल्या नारळानं मारायचा, ज्याचा फुटला तो हरला. तरुणपणी माझा नारळ फुटत नसे, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. यंदा एका सातवीतल्या पोरानं माझा नारळ पहिल्याच फटक्यात फोडला. दणका मनगटापर्यंत आला, आणि मी जागच्या जागी थिजलो. घड्याळानं दोन्ही गोष्टी टिपल्या. मिनिटभरात हिचा फोन वाजला, पोराचा आवाज: “आई, बाबा पडलेत!” ही म्हणाली, “हो, सगळ्या गावासमोर.”

आमचे एक मित्र पलीकडच्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत सातव्या मजल्यावर राहतात. तानसा जलवाहिनीलगतची वस्ती उठवली तेव्हा ७२ इमारतींच्या त्या वसाहतीत जी हजारो माणसं आणून ठेवली, त्यांतले ते. २०१९मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की कोणाला माहुलला जायची सक्ती करता येणार नाही, हवं तर महिन्याला १५ हजार भाडं द्या. पण तोवर यांचं सामान वर चढलेलं होतं. मी त्यांना आमच्या हुशार घराचं कौतुक ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “यातलं कुठलं यंत्र लिफ्ट चालू करतं?” गुडघेदुखीमुळे ते खाली उतरतात तेव्हा दळण, औषध, बँक, दाढी सगळं एका फेरीत उरकून घेतात. त्यांच्या हालचालीचा आलेख काढला तर तो महिन्यातून दोनदाच हलेल. पण तो बघणारं कोणी टोरोंटोला नाही.

अशा सगळ्यातून आम्ही हळूहळू तयार झालो. कंपनीत एखादा अलार्म उगाच सारखा वाजायला लागला, की त्याला बायपास करत. त्याला परमिट लागे, दोन साहेबांच्या सह्या लागत. घरी मांजर पुरली. सकाळी साडेसातला मोरीपाशी ओट्यावर बोंबलाची डोकी टाकली, की ती स्वयंपाकघरात तासभर भरपूर हालचाल करते, आणि आम्ही तिघं निवांत आठाच्या पुढं झोपतो. पावलांचा कोटा पूर्ण करायला घड्याळ पुतण्याच्या पोराला बांधतो. एका रविवारी त्यानं क्रिकेटची मॅच खेळली, पोराचा निरोप आला, “बाबा, या वयात इतकं धावू नका.” मी “बरं” म्हटलं. मुलांचं ऐकलं पाहिजे.

पोराला संशय आला असावा, कारण त्यानं मला जपानची गोष्ट सांगितली. तिथं २००१पासून झोजिरुशी कंपनीची एक विजेची किटली मिळते. एकट्या म्हाताऱ्यानं चहासाठी पाणी घेतलं, की त्याची खबर मुलाबाळांना ई-मेलनं जाते. चहा घेतला म्हणजे आहे. “बाबा, अशी एखादी पाठवू का? ती मांजराला चालवता येणार नाही.” म्हणजे त्याला मांजर ठाऊक होती! पण किटलीवर हिनंच फुली मारली. आमच्याकडे दिवसभरात जेवढ्यांचा चहा होतो, तेवढी पत्रं पाठवून ती किटली आधी गचकली असती.

गेल्या शिमग्याला पोरगा आला. चार दिवस जेवला, नाचला, झोपला, आणि जाताना एक सुधारणा करून गेला. सगळी यंत्रं त्यानं एकाच ॲपमध्ये आणली, आमचं घर आणि त्याचं घर एकत्र, कारण म्हणे सेटिंग करायला सोपं पडतं. आयच्या टॅबवरही ते ॲप घातलं, त्यातून तिनं त्याला फोटो पाठवावेत म्हणून. आयची शाळा चौथीत सुटली, पण चित्रं तिला कळतात. आमच्या घराच्या चित्राखाली आणखी एक घर आहे हे मला महिनाभर दिसलं नाही. तिला पोरगा विमानात असतानाच दिसलं.

आता ती सकाळच्या चहाला टॅब घेऊन बसते. तिकडे रात्र होत आलेली असते.

“गाडीचा दार आता उगडला. साडेनऊला घरान येतो पोर. जेवल कवा?”

फोन लावायला लावते. “आजी, ट्रॅफिक होतं.”

दुसऱ्या दिवशी: “चुलीकडं दोन दिस कोन गेला नाय.”

“आजी, पिझ्झा मागवला होता.”

“दोन दिस?”

रविवारी नातसुनेनं उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं असावं. आयनं चार वेळा फोन केला. तिची तब्येत विचारली, मग दिवस राहिलेत का विचारलं, मग काकींचा काढा सांगितला. त्यानंतर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सेन्सरवर म्हणे कोणीतरी टॉवेल टाकला. आयला तेही कळलं. आठवडाभरात पोराचा मला फोन आला, आवाज एकदम खाली.

“बाबा, आजीच्या टॅबवरचं नोटिफिकेशन बंद करता का?”

“का रे? काळजी वाटते तिला.”

“बरं... तुम्ही कंपनीत सेन्सर बायपास कसा करायचात?”

“परमिट लागतं त्याला.”

“कोणाचं?”

मी फोन आयकडे दिला. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायच्या आत तिनं त्याला आधी उठून फ्रिजचं दार लावायला सांगितलं.